टाकी माझ्याच मजल्यावर राहील

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
बॉयलर गेला. पहाटे खाली धाडकन आवाज झाला आणि घरातले सगळे रेडिएटर गार पडले. एव्हरिल लगेच खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकायला लागली, जणू मीच फोडला. मी बूट घालून वरून जमीन ठोकली. बूट घालायला वेळ लागला, पण उत्तर दिलं.
नोंद करून ठेवतो. बॉयलर तिच्या स्वयंपाकघरात. आवाज तिच्या मजल्यावर. दोष कुणाचा, ते लहान मुलालाही कळेल.

संध्याकाळ.
तिनं गॅसवाल्याला बोलावलं. मला न विचारता. त्यानं बॉयलरला लाल चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाला, याचे पार्ट आता कुणी बनवत नाही, नवा घ्या. मी जिन्यावरून त्याला सांगितलं की या घरातले तांत्रिक निर्णय मी घेतो. तो म्हणाला, खालच्या बाईंनी तर सांगितलं की वरचा माणूस भाडेकरू आहे.
भाडेकरू! वसंतात घटस्फोट झाला, म्हणून काय झालं? घर विकेपर्यंत ती खाली आणि मी वर, असं वकिलांसमोर ठरलंय. अर्धं घर माझं आहे. विकलं जात नाही ते गिऱ्हाइकांमुळे. आजवर जेवढी बघायला आली, त्यांतलं एकही मला पसंत पडलं नाही. परवाचं ब्रॅडफर्डचं जोडपं तर गाडी उतारावर लावून हँडब्रेक न ओढता आत आलं. असल्यांना मी घर देणार नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
दिवसभर लायब्ररीत. तिथे हीटिंग चालू असतं, पण मी अभ्यासासाठी गेलो होतो.
विषय सोपा निघाला. दोन पक्ष आहेत. एक कॉम्बी: त्याला टाकी नाही, नळ सोडला की तो पेटतो आणि पाणी तिथल्या तिथे तापवतो. दुसरा टाकीवाला: तो पाणी आधी तापवून टाकीत साठवतो. कॉम्बीत गरम पाणी कधी संपत नाही, पण दोन नळ एकदम सोडले की दोन्हीकडे धार बारीक. टाकीत दोन नळ धो धो चालतात, पण टाकी रिकामी झाली की मुकाट्यानं थांबायचं.
आता आमचं घर बघा. टाकी वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीशेजारच्या कपाटात. चांगली तांब्याची आहे. कॉम्बी घेतला तर टाकी जाणार आणि सगळा कारभार खाली, एव्हरिलच्या स्वयंपाकघरात. मी वर अंगाला साबण लावला की ती खाली भांड्यांचा नळ सोडणार. हे ती करणारच. तिच्या जागी मी असतो तर केलं असतं.
निर्णय: टाकीवाला. संपूर्णपणे तांत्रिक कारणांसाठी.

५ नोव्हेंबर, बुधवार.
गावातली दरवर्षीची शेकोटीची रात्र. मैदानावर मोठी होळी पेटवली होती. मी अगदी जवळ उभा राहिलो. समोरच्या बाजूला एव्हरिल, हातात पार्किनचा, म्हणजे आल्याच्या केकचा, तुकडा, बेकरीतल्या बायकांबरोबर खिदळत होती. तिचं बरं आहे. दिवसभर भट्टीशेजारी काम, घरी फक्त झोपायला यायचं.
गर्दीतून कुणीतरी माझ्याकडे बघून "आरसा बघ, सिग्नल दे" असं ओरडलं आणि बरेच जण हसले. हॅलिफॅक्समध्ये तीस वर्षं मी ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. लोक शिकवण विसरलेले नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
जिन्यावर बैठक घेतली. मधल्या वळणावर मी खुर्ची टाकली, एव्हरिल खालच्या पायरीवर कोट घालून उभी. मी तयारी करून गेलो होतो. आमचं घर टेकडीच्या माथ्यावर, तेव्हा इथे नळाला दाब कमी, कॉम्बीला दाब जास्त लागतो, सबब कॉम्बी बाद, असं मुद्देसूद सांगितलं.
ती म्हणाली की तिला पहाटे साडेचारला कामासाठी उठावं लागतं, आणि अंघोळीला जावं तर टाकी रिकामी, कारण मी रात्री टबात डुंबत बसतो. वीस वर्षं ती गार पाण्यानं अंघोळ करतेय. तिला कॉम्बी हवा, आणि माझा तो बंब भंगारात घालायचा.
बंब म्हणाली. तांब्याच्या टाकीला.
मी म्हटलं, विषयाला धरून बोल. ती आत गेली आणि दार आपटलं. बैठक समाधानकारक झाली.

९ नोव्हेंबर, रविवार.
ती चर्चला गेल्यावर खाली जाऊन नळाचा दाब मोजला. बादली आणि घड्याळ. शास्त्रीय पद्धत. बादली फारच लवकर भरली. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. या बादलीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, जुनी आहे.
मोजणीत थोडं पाणी फरशीवर सांडलं. एव्हरिल परत आली आणि चर्चच्या कपड्यांत त्यात पाय घसरून बसली. बसल्या बसल्या तिनं मला ज्या नावांनी हाक मारली, ती रविवारी वापरायची नसतात. मी वरून विचारलं की दुखापत झाली का. ती म्हणाली, खाली ये म्हणजे कुणाला होईल ते कळेल.
गेलो नाही. चिथावणीला बळी पडायचं नाही असं ठरवलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
बॉयलर बसवणाऱ्यांना फोन. पहिल्यानं नाव विचारलं, मी ऑर्मरॉड म्हटलं, त्यानं "परीक्षावाले ऑर्मरॉड?" असं विचारून फोन ठेवला. दुसरा म्हणाला, डिसेंबर संपेपर्यंत वेळ नाही. मी विचारलं, जानेवारीत? म्हणाला, जानेवारीतही नाही, कुठल्याच महिन्यात नाही. तिसऱ्याची बायको फोनवर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिच्या नवऱ्याला मी पाचदा नापास केलं, त्यामुळे लग्न दोन वर्षं लांबलं.
माणसं दबकतात माझ्यासमोर काम करायला. दर्जा कळणाऱ्या माणसाची हीच अडचण.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
दोघांनी विजेचे हीटर आणले. ती खाली लावते, मी वर लावतो, आणि दोन्ही एकदम चालले की फ्यूज उडतो. फ्यूजची पेटी जिन्याखाली, तिच्या बाजूला. म्हणजे उडाला की ती आपला हीटर चालू ठेवून माझ्याकडचा फ्यूज काढूनच ठेवते.
मी वेळापत्रक तयार केलं. सम तारखांना मी, विषम तारखांना ती. दाराखालून सरकवलं. तिनं त्यावर चहाचा कप ठेवला असावा, कारण ते गोल डाग घेऊन परत आलं.
संध्याकाळी गेनॉरचा फोन, लीड्सहून. आईनं कान भरलेले. म्हणाली, "डॅड, कॉम्बी घेऊन टाका ना, दोघंही थंडीनं मराल तिथे." मुलीला मी सगळं समजावून सांगितलं, दाब, धार, साठवण. मध्येच लक्षात आलं की ती केव्हाच फोन बाजूला ठेवून जेवायला बसलीय. काटे-चमचे ऐकू येत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
शेवटी एक आली. कर्स्टी ग्रीनवुड नावाची बाई, तिशी ओलांडलेली, स्वतःची व्हॅन. आमच्या चढावर तिनं गाडी रिव्हर्सनं एका झटक्यात लावली. डावा आरसा मात्र बघितला नाही. मी खिडकीतून नोंद घेतली.
दार उघडताच मी प्रश्न सुरू केले. परवाना कधीचा, अनुभव किती, टाकी आणि कॉम्बी यांतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगा. तिनं हातातली पेटी खाली ठेवली.
"मिस्टर ऑर्मरॉड," ती म्हणाली, "तुम्ही मला चारदा नापास केलंत. चौथ्या वेळी मी रडले तर तुम्ही म्हणालात, डोळ्यांत पाणी असताना गाडी चालवणं धोक्याचं आहे. बॉयलर कुठे आहे ते दाखवा."
बघा, माझा शब्द न् शब्द आठवतो तिला.
तिनं दाब मोजला आणि भरपूर आहे म्हणाली. यंत्रात काही दोष असणार. मग म्हणाली, कॉम्बी चालेल, टाकीही चालेल, तुम्ही दोघं आधी भांडण संपवा आणि मला कळवा. एव्हरिल तिला चहा देत होती आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी वरून विचारलं, कशावरून. कुणी सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
ठरलं. आता माघार नाही. थंडीला आधी कोण शरण जातं ते बघू. माझी प्रकृती दणकट आहे. एव्हरिल पंधरवडाभरात हात जोडत वर येईल.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
किंचित खोकला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
ताप. लिहिता येत नाही. खोलीत तोंडातून वाफ निघते. फ्यूज अर्थातच काढलेला.

२६ नोव्हेंबर, बुधवार. खालच्या मजल्यावरून.
काल रात्री खोकल्याचा आवाज ऐकून एव्हरिल वर आली. ती हात जोडायला आली असं मी समजलो, पण तिनं मला बखोट धरून उठवलं आणि खाली नेऊन तिच्या सोफ्यावर आडवं केलं. हीटर माझ्या बाजूला वळवला. वाटाण्याचं सूप दिलं. डॉक्टरांना फोन केला.
बाईचा निर्धार ढासळतोय. आता घाई करायची नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
ताप उतरला. एव्हरिलनं बेकरीतून रजा घेतली होती. बाहेर गारांचा पाऊस. दुपारभर ती शेजारच्या खुर्चीत विणत बसली आणि मी सोफ्यावर. टीव्ही बंद. लग्नानंतर आम्ही टॉड रस्त्यावरच्या एका खोलीत राहायचो, तिथेही एकच हीटर होता. तिला ते आठवत होतं. ती म्हणाली की तेव्हा मी तिचे मोजे हीटरवर गरम करून द्यायचो. मला आठवत नाही, पण मी नाकारलं नाही. वाटाघाटीत समोरच्याला बोलू द्यावं.
मग सुया थांबवून ती म्हणाली, "वर्षभरात पहिल्यांदाच असे बसलोय आपण, क्लिफर्ड. भांडण न करता."
संधी हीच होती. मी उशीखालून आकृती काढली. टाकीची. आत येणारा पाइप निळा, बाहेर जाणारा लाल, रंगीत पेन्सिलींनी केलेली. तिला सगळं नीट समजावलं. दोनशे दहा लिटरची टाकी घेतली तर वर माझा टब आणि खाली तिचा शॉवर एकाच वेळी कसे चालतील, ते उदाहरण देऊन सांगितलं. पहाटे साडेचारच्या तिच्या अंघोळीलाही पुरेल, हे तर मी तिच्यासाठी मुद्दाम काढलं होतं. बराच वेळ बोललो. मध्ये खोकला येत होता, पण थांबलो नाही.
ती आकृतीकडे बघत होती. मग तिनं विणकाम टोपलीत ठेवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ.
जिंकलो.
कामावर जाता जाता कोटाची बटणं लावत ती सोफ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "तुला हवा तो बॉयलर घे. टाकी घे. मोठी घे." मी विचारलं, कॉम्बीचं काय. ती म्हणाली, "मला आता काही फरक पडत नाही."
याला म्हणतात पटणं. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. आकृतीनं काम केलं. कर्स्टी ग्रीनवुडला फोन केला. वर माझ्या खोलीत परत आलो. थंडी आहे, पण विजेत्याला ती तेवढी वाजत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार.
टाकी बसली. दोनशे पन्नासची घेतली. एव्हरिल मोठी घे म्हणाली होती, तेव्हा कंजूषपणा नको.
जुनी तांब्याची टाकी खाली उतरवताना जिन्याच्या भिंतीला खरवड पडली. मी कर्स्टीला लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, एवढी मोठी टाकी कशासाठी, घरात माणसं किती. मी म्हटलं, दोन मजले, दोन संसार, एकदम लागणार पाणी. तिनं खाली एव्हरिलकडे बघितलं. एव्हरिल म्हणाली, "बसव गं, त्याला हवी ती बसव." मग त्या दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. आदरानं असावं, पण कर्स्टीच्या चेहऱ्यावर तो नीट उमटला नाही.
संध्याकाळी रेडिएटर तापले. टब काठोकाठ भरला. खाली एव्हरिलनं नळ सोडलाय का, कान देऊन ऐकलं. सोडला होता. माझी धार तसूभरही कमी झाली नाही. असं शांत वाटलं म्हणून सांगू.

९ डिसेंबर, मंगळवार.
सकाळी दारात मोठी व्हॅन. पाइपांवर घालायचं उष्णतारोधक आवरण येणार होतं, मी खाली जाऊन ड्रायव्हरला सांगितलं की ते वर आणा. तो म्हणाला, काही आणायचं नाही, न्यायचंय.
गेनॉर व्हॅनमागून आली. माझ्याशी नजर न मिळवता म्हणाली, आईनं सॉवर्बी ब्रिजला जागा घेतलीय, भाड्यानं. तुम्हाला सांगितलं नाही का तिनं?
सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी त्या दिवशी खोकत होतो.
एव्हरिल बाहेर आली, हातात विणायची टोपली. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "घर विकशील तेव्हा माझा अर्धा वाटा दे. सवडीनं विक." मी तिला आठवण करून दिली की दोनशे पन्नास लिटरची टाकी दोघांच्या हिशेबानं बसवलीय, तिच्या साडेचारच्या अंघोळीसाठी. आता निघून जाणं तांत्रिकदृष्ट्या बेजबाबदारपणाचं आहे.
तिनं टोपली गाडीत ठेवली. म्हणाली, "त्या दिवशी सोफ्यावर मी तुला काय सांगत होते, क्लिफर्ड?"
मी म्हटलं, मोज्यांबद्दल काहीतरी.
तिनं मान हलवली. चिडली नाही. हे मला आवडलं नाही. मला तिच्या चिडण्याची सवय आहे, त्याला उत्तर तयार असतं.
व्हॅनवाल्यानं वळताना इंडिकेटर दिला नाही.

१० डिसेंबर, बुधवार.
संपूर्ण घर माझ्या ताब्यात. नियोजन: खाली अभ्यासिका, जिन्यावरची खुर्ची काढून टाकणे.
नंतर करेन.

१४ डिसेंबर, रविवार.
खाली जाऊन आलो. झाडू कोपऱ्यात होता. छतावर ठोकून बघितलं. वर कुणी नसल्यामुळे काही झालं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार.
कर्स्टी ग्रीनवुडला फोन. विचारलं, टाकी अर्धीच तापवता येते का. म्हणाली, तापवता येते, पण फारसा फायदा नाही, तुम्ही एकटे असाल तर कॉम्बी बरा पडला असता. मी म्हटलं, एकटा असल्याचा इथे काही संबंध नाही. ती बरं म्हणाली. जरा वेळानं तिनं विचारलं, ठीक आहात ना. असले प्रश्न विचारायचा परवाना तिला कुणी दिला, कळत नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार.
गेनॉरनं फार आग्रह केला म्हणून सॉवर्बी ब्रिजला जेवायला गेलो. जागेची पाहणी हा मुख्य उद्देश. नदीकाठी, तळमजला, दोन खोल्या. हॅलिफॅक्सपेक्षा खाली असल्यामुळे थंडी जास्त असणार, असा माझा अंदाज होता.
आत शिरलो आणि कोट काढावा लागला. एव्हरिल अर्ध्या बाह्यांत होती, गाल लाल. केस धुतलेले. मी पहिला प्रश्न तोच विचारला, बॉयलर कोणता.
"माहीत नाही," ती म्हणाली.
मी म्हटलं, म्हणजे काय, टाकी आहे की कॉम्बी? जागा घेताना विचारलं नाहीस?
"नाही विचारलं. गरम असतं."
असं कोण जागा घेतं? मी स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघितली, न्हाणीघर बघितलं, झोपायच्या खोलीत पडद्यामागे बघितलं. कुठे सापडेना. तेवढ्यात टर्की टेबलावर आली आणि गेनॉर दारात उभी राहून म्हणाली, "डॅड, बसा आता. जेवा." तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून बसलो.
जेवण बरं होतं. बटाटे चांगले भाजले होते. गप्पा झाल्या, त्यांत मी फार बोललो नाही, सारखं लक्ष भिंतींकडे जात होतं.
निघताना एव्हरिल दारापर्यंत आली. मफलर नीट गुंडाळून दिला आणि विचारलं, पाणी येतं ना नीट?
मी म्हटलं, अव्वल दर्जाचं.

२७ डिसेंबर, शनिवार.
पहाटे साडेचारला टाकी आपोआप तापली. तशी वेळ मीच लावून दिली होती. बदलायची कशी ते पुस्तिकेत आहे, बदलली नाही.
आज दोनदा अंघोळ केली. पाणी उरलंच.